इंजिनावरचा नंबर कोणाच्या वहीत आहे?

प्रति,
मा. अपर मुख्य सचिव, गृह विभाग,
मा. पोलीस महासंचालक,
मा. आयुक्त, मत्स्यव्यवसाय विभाग,
महाराष्ट्र राज्य

विषय : दहशतवादविरोधी आंतरराष्ट्रीय सहकार्याचे आपल्या किनाऱ्यावरचे टोक

महोदय,

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहा जण बधवार पार्कजवळच्या मच्छीमार नगरात रबरी होडीतून उतरले. त्या होडीला यामाहाचे इंजिन होते आणि त्यावरचा नंबर खरवडून टाकलेला होता. धातूवर ठसा मारताना वरच्या रेघेबरोबर खालचा थरही दाबला जातो. वरची रेघ घासली तरी तो दाब आत राहतो आणि प्रयोगशाळेत पुन्हा दिसू शकतो. एफबीआयच्या तज्ज्ञांच्या मदतीने तो नंबर वाचला गेला. जपानमधल्या उत्पादकाच्या नोंदीवरून ते इंजिन पाकिस्तानातल्या आयातदाराकडे गेल्याचे कळले आणि हा दुवा मुंबईच्या विशेष न्यायालयासमोर आला.

त्याच खटल्यातला दुसरा धागा आणखी लांबचा आहे. हल्लेखोरांना सूचना देणारे फोन अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या एका इंटरनेट-फोन कंपनीमार्फत येत होते. त्यासाठी ऑस्ट्रियाचे नंबर घेतले होते आणि त्या खात्यात २२९ डॉलर भरले गेले ते इटलीतल्या ब्रेशिया शहरातून. एका रात्रीच्या गुन्ह्याचा माग अमेरिका, जपान, ऑस्ट्रिया आणि इटलीत निघाला. हल्ल्याआधी मुंबईची टेहळणी करणाऱ्या डेव्हिड हेडलीची साक्ष फेब्रुवारी २०१६ मध्ये व्हिडिओवरून झाली. त्याला मदत केल्याचा आरोप असलेला तहव्वूर राणा १० एप्रिल २०२५ ला भारताच्या ताब्यात आला. ज्या भारत-अमेरिका प्रत्यार्पण कराराखाली तो आला, तो १९९७ चा आहे.

दहशतवादाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय सहकार्याबद्दल बोलताना करार, परिषदा आणि जाहीरनामे डोळ्यांसमोर येतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या दहशतवादविरोधी समितीची विशेष बैठक मुंबईत ताजमध्ये सुरू झाली आणि दिल्ली जाहीरनाम्याने संपली. ते हवेच. पण परदेशातली यंत्रणा आपल्याला मदत करते ती आपण तिच्यापुढे ठेवलेली वस्तू, आकडा आणि नोंदवलेली वेळ यांच्या आधारावर. तेव्हा होडी किनाऱ्यावर सापडली आणि इंजिन जपून ठेवले गेले, म्हणून जपानला विचारता आले. आज कोकणातल्या एखाद्या खाडीत तसेच इंजिन सापडले, तर ते आपल्याच राज्यात कोणी, कधी, कोणाकडून घेतले हे एका दिवसात सांगता येईल का? आमच्या माहितीप्रमाणे बहुतेक बंदरांवर ते सांगता येणार नाही. हे पत्र त्यासाठी आहे.

सुरक्षेचा विचार गेल्या पंधरा-सोळा वर्षांत पुष्कळ बदलला. पूर्वी घटना घडल्यावर परदेशाकडे मदत मागायची रीत होती. आता घटनेआधी माहितीची देवघेव व्हावी असा आग्रह आहे. २००९ मध्ये एकूण सागरी सुरक्षेची जबाबदारी नौदलाकडे आली. मुंबई, कोची, विशाखापट्टणम आणि पोर्ट ब्लेअर इथे संयुक्त कार्यवाही केंद्रे उभी राहिली. नोव्हेंबर २०१४ मध्ये गुरुग्रामचे माहिती विश्लेषण केंद्र सुरू झाले. त्याचे उद्घाटन तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी केले होते. त्याच ठिकाणी डिसेंबर २०१८ मध्ये हिंद महासागर क्षेत्रासाठीचे माहिती केंद्र आले आणि तिथे मित्रदेशांचे संपर्क अधिकारी आपल्या नौदलाच्या अधिकाऱ्यांशेजारी बसतात. मार्च २०२४ मध्ये नौदलाने भारतीय किनाऱ्यापासून सुमारे २,६०० किलोमीटरवर 'रुएन' हे अपहृत जहाज चाच्यांच्या हातून सोडवले, १७ खलाशांना वाचवले आणि ३५ सोमाली चाच्यांना मुंबईला आणले. चाळीस तासांच्या त्या कारवाईनंतरचे काम कुठे पोचले? यलो गेट पोलीस ठाण्यात. तिथे पंचनामे, दुभाषी, मुद्देमालाची यादी आणि २०२२ च्या सागरी चाचेगिरीविरोधी कायद्याची कलमे होती. साखळी कितीही लांब असली तरी तिची शेवटची कडी पोलीस ठाण्याच्या टेबलावरच असते, आणि ते टेबल गृह विभागाच्या अखत्यारीत येते.

वरून खाली येणारी माहिती कुठे अडते, ते हरिहरेश्वरच्या बोटीवरून स्पष्ट दिसते. १८ ऑगस्ट २०२२, दहीहंडीचा आदला दिवस. श्रीवर्धन तालुक्याच्या किनाऱ्याला 'लेडी हान' नावाची रिकामी बोट लागली आणि तिच्यात तीन एके-४७ रायफली व काडतुसे होती. दिवसभर सगळा रायगड जिल्हा नाकाबंदीत होता. बोट मस्कतहून युरोपला निघालेली होती. २६ जूनला तिचे इंजिन बंद पडले, माणसांना एका कोरियन युद्धनौकेने वाचवले आणि खवळलेल्या समुद्रामुळे बोट ओढून नेता आली नाही, असे सरकारनेच तेव्हा सांगितले. म्हणजे बोट सोडून दिल्याची खबर एका मित्रदेशाच्या नौदलाकडे पहिल्याच दिवशी होती. पुढचे ५३ दिवस ती नैऋत्येच्या वाऱ्यावर आपल्याकडे सरकत राहिली आणि आपल्याला दिसली ती वाळूत रुतल्यावर.

घातपात नव्हता म्हणून ते प्रकरण मिटले. आम्हाला मात्र त्याची फार काळजी वाटते. जून ते ऑगस्ट ओमानच्या बाजूने सुटलेली वस्तू कोकणाकडे येणार, हे कोणताही जुना तांडेल (बोट चालवणारा प्रमुख) सांगेल. हैदराबादच्या सागर माहिती सेवा केंद्राकडे, म्हणजे इन्कॉइसकडे, समुद्रात हरवलेली बोट कोणत्या दिशेला वाहत जाईल हे सांगणारी 'सरत' ही गणनपद्धती आहे. ती शोध-बचावासाठी बनवलेली आहे, पण बेवारस बोटीलाही तितकीच लागू पडते. वापरायची ती अशी : अरबी समुद्रात कुठेही जहाज वा बोट सोडून दिल्याची सूचना गुरुग्रामच्या केंद्रात आली, की त्याच दिवशी 'सरत'ला बोटीची लांबी, प्रकार, शेवटचे स्थान आणि वेळ द्यावी. जो किनारा निघेल त्या जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना व बंदर अधिकाऱ्यांना मराठीत एक पानी इशारा जावा आणि दर तीन दिवसांनी तो नवा व्हावा. पावसाळ्यात सागरी पोलिसांच्या लहान बोटी वर ओढलेल्या असतात, मासेमारी बंद असते, समुद्रात बघणारे डोळे सर्वांत कमी असतात. त्यामुळे त्या महिन्यांत असा इशारा हाच मुख्य आधार आहे. तो थेट जेट्टीवरच्या फळ्यावर लागला पाहिजे. इशारा मिळाल्याची पोच ठाण्याने परत पाठवली पाहिजे. पोच नसेल तर पाठवणाऱ्याने फोन करावा. कागद निघाला म्हणजे काम झाले, ही समजूत आपल्याकडे फार खोल रुजलेली आहे.

उलट बाजूची चूकही झाली आहे. जुलै २०२५ मध्ये रेवदंड्याजवळ कोर्लईच्या समुद्रात रडारवर पाकिस्तानी बोट दिसली. पाऊस, अंधार, शोधमोहीम, आणि अखेर तो मासेमारीच्या जाळ्याचा वाहून आलेला बोया असल्याचे सांगण्यात आले. आजकाल जाळ्यांच्या बोयांवर एआयएसचे, म्हणजे आपली ओळख आणि जागा आपोआप रेडिओवर कळवणारे, छोटे संच लावतात, म्हणजे जाळे हरवत नाही. पण रडार केंद्रातल्या पडद्यावर तो ठिपका बोटीसारखाच दिसतो. प्रत्येक संचाला नऊ आकडी ओळख क्रमांक असतो. जहाजांच्या क्रमांकात पहिले तीन आकडे देशाचे : भारताचे ४१९, पाकिस्तानचे ४६३. बोयांना वेगळी, ९ ने सुरू होणारी मालिका ठरवून दिली आहे, पण स्वस्तातले संच विकणारे ती पाळत नाहीत, कोणताही क्रमांक भरतात. तेव्हा ठिपका दिसल्यावर देशाचा आकडा बघून थांबू नये. वेग आणि दिशा बघावी. बोया प्रवाहाच्या वेगाने प्रवाहाच्याच दिशेला जातो, इंजिनवाली बोट तसे करत नाही. निदान एक तासाची वाट आखून बघितली तर बराच उलगडा होतो. हे शिकवायला दोन दिवस पुरतात. कोस्ट गार्डचे लोक शिकवतील, सागरी पोलिसांना पाठवायचे तेवढे बाकी आहे. आणि बाहेरून येणाऱ्या जाळ्यांच्या बोयांचे क्रमांक पकडले गेले की ते गुरुग्रामला परत कळवावेत. तीही देवघेवच आहे.

आता ट्रान्सपॉन्डर, म्हणजे बोटीचे स्थान उपग्रहामार्फत कळवणारा संच. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते मासेमारी बोटींच्या उपग्रह संपर्क योजनेचा प्रारंभ झाला. देशभरात सुमारे ३६० कोटी रुपयांत टप्प्याटप्प्याने एक लाख बोटींवर इस्रोने विकसित केलेले संच बसवायचे आहेत. वीस मीटरपेक्षा लांब बोटींना एआयएस आधीपासूनच सक्तीचे होते. त्याहून लहान बोटी, म्हणजे आपल्याकडच्या बहुसंख्य, उघड्या राहिल्या होत्या. २००८ च्या हल्लेखोरांनी समुद्रात ताब्यात घेतलेली 'कुबेर' आठवावी. पोरबंदरची भारतीय बोट, भारतीय नोंदणी, भारतीय रंग. तिच्यावर जे चढले त्यांनी खलाशी मारले, तांडेलाकडून मुंबईपर्यंत वाट काढून घेतली आणि त्यालाही मारले. बोटीची कागदपत्रे शोधून तो हल्ला कळला नसता. ठरलेल्या मासेमारीच्या जागेवरून एकटी बोट दक्षिणेकडे सरळ रेषेत निघाली आणि खलाशी कोणालाच उत्तर देत नाहीत, हेच एक लक्षण होते. उपग्रहावरचा संच हे लक्षण दाखवू शकतो, बघणारा बसलेला असेल तर.

संच बसवल्यानंतर काय बिघडते, ते मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्यांना ठाऊक आहे, तरी इथे लिहितो, कारण वरच्या बैठकांत 'इतके संच बसवले' एवढाच आकडा जातो. खारे पाणी जोडणीत शिरते आणि पहिल्याच हंगामात तारेच्या टोकाला हिरवे बुरशीसारखे थर येतात, मग संच चालू दिसतो पण सिग्नल जात नाही. जोडणी फुगणाऱ्या रबरी टेपने गुंडाळून वर ग्रीस लावले तर हे टळते, खर्च शंभर-दोनशे रुपये. अँटेना केबिनच्या छपराखाली किंवा डोलकाठीच्या आड लावली की आकाश अडते. संच दिव्यांच्या आणि फिश फाइंडरच्या बॅटरीवरच जोडला की रात्री ती उतरते आणि तांडेल सर्वांत आधी संच बंद करतो. त्याला वेगळी, लहान, सोलरवर चार्ज होणारी बॅटरी हवी. बोट विकली जाते, संच तिच्याबरोबर जातो आणि नोंद जुन्या नाखव्याच्या (बोटमालकाच्या) नावावर, जुन्या मोबाइल नंबरावर राहते. मग रात्री तीन वाजता नियंत्रण कक्षातून फोन लागतो तो माणूस दोन वर्षांपूर्वी बोट विकून मुलाकडे ठाण्याला राहायला गेलेला असतो.

आणि सर्वांत मोठे कारण भीती. आपल्या चांगल्या जागा दुसऱ्यांना कळतील, बारा सागरी मैलांची हद्द ओलांडल्याचा दंड होईल, डिझेलचा परतावा अडेल, या भीतीने संच 'बिघडतो'. यावर आमची ठाम सूचना आहे : सुरक्षेसाठी गोळा होणारी बोटींच्या स्थानाची माहिती परवाना आणि दंडाच्या कामासाठी वापरली जाणार नाही, असा शासन निर्णय काढावा आणि प्रत्येक मच्छीमार सहकारी सोसायटीच्या कार्यालयात लावावा. एलईडीच्या आणि बेकायदा पर्ससीनच्या (वेढा घालणाऱ्या मोठ्या जाळ्याच्या) मासेमारीवर कारवाई झालीच पाहिजे, लहान मच्छीमाराचे पोट त्यावर आहे. पण त्यासाठी गस्तीनौका आहेत आणि जानेवारी २०२५ पासून ड्रोनही आहेत. दोन्ही कामे एकाच संचावर टाकली तर दोन्ही बुडतील.

संच गप्प झाला तर काय, हेही ठरलेले नाही. आम्ही सुचवतो : सहा तास सिग्नल नसेल तर प्रथम नाखव्याला फोन. तो न लागल्यास सोसायटीच्या चेअरमनला. त्याच वेळी आसपासच्या तीन बोटींना व्हीएचएफ रेडिओच्या १६ नंबर चॅनलवर हाक. २५ वॉटचा बसवलेला सेट असेल तर समुद्रात ती वीस-पंचवीस मैल जाते, हातातल्या ५ वॉटच्या सेटवर फार तर पाच-सात. दोन तासांत उत्तर नाही, तर कोस्ट गार्ड. यातली प्रत्येक पायरी वेळेसह वहीत. शंभरातल्या नव्याण्णव वेळा तार तुटलेली निघेल. तरीही शंभराव्यासाठी रोज हेच करावे लागते, आणि रोज केले की तारा तुटायच्या थांबतात. तांडेलाने संकटाचे बटण दाबले तर मात्र सहा तासांचा प्रश्नच नाही. पहिले उत्तर काही मिनिटांत गेले पाहिजे, मराठीत. ज्याला एकदा उत्तर मिळाले तो संच कधी बंद करत नाही.

इंजिनाच्या नंबरावर परत येतो. बोटीच्या नोंदणीत इंजिनाचा नंबर असतो, पण इंजिन बदलले की नोंद बदलत नाही. आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायचे इंजिन, तर सहज काढता येते, एका होडीवरून दुसऱ्या होडीवर, एका गावातून दुसऱ्या गावात जाते, मेकॅनिककडे विकले जाते, सुट्या भागांत मोडले जाते. आमचे म्हणणे साधे आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोटी शाकारलेल्या असतात, इंजिने खोललेली असतात. या ६१ दिवसांत मत्स्यव्यवसाय विभागाचा एक परवाना अधिकारी, सागरी पोलीस ठाण्याचा एक हवालदार आणि सोसायटीचा एक माणूस यांनी जेट्टीवर बसावे. क्लॅम्पच्या पट्टीवरचा आणि ब्लॉकवरचा असे इंजिनाचे दोन्ही नंबर पुसून स्वच्छ करावेत, पातळ कागद ठेवून पेन्सिलीने छाप घ्यावी, फोटो काढावा आणि नोंदणीशी ताडावे. फोटोत आकडे चुकीचे वाचले जातात, ८ आणि बी, ० आणि ओ यांची गल्लत होते. पेन्सिलीची छाप खोटे बोलत नाही. पट्टीवरचा नंबर एक आणि ब्लॉकवरचा दुसरा निघाला तर तिथेच थांबावे. इंजिन विकणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या दुकानांनी महिन्याला एक पानी नोंद द्यावी, तीही सोसायटीमार्फत, म्हणजे पोलिसांचा जाच वाटणार नाही. खलाशांचे तसेच. कोकणात आज पुष्कळ बोटींवर नेपाळ, उत्तर प्रदेश, झारखंडचे तरुण काम करतात. त्यांना संशयाने वागवू नका, फोटोसह हंगामी ओळखपत्र द्या आणि समुद्रात काही झाले तर त्याच ओळखपत्रावर त्यांच्या घरच्यांना भरपाई मिळेल असे करा. मग ते स्वतः नोंदवायला येतील.

गुन्हा घडल्यावरच्या पुराव्याबद्दल थोडक्यात, कारण त्यावर केंद्राचे मार्गदर्शन आहे, पाळणे तेवढे राहिले आहे. परदेशी कंपनीकडच्या माहितीसाठी औपचारिक विनंती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ११२ व्या कलमाखाली न्यायालयातून किंवा करारांखाली केंद्रीय गृह मंत्रालयामार्फत जाते आणि तिला महिने लागतात. तोवर माहिती पुसली जाऊ नये म्हणून जतनाची विनंती पहिल्याच दिवशी पाठवायची असते. अमेरिकन कायद्यात ती ९० दिवस टिकते आणि आणखी ९० दिवस वाढवता येते. ती वाढवायचे विसरले जाते, कारण मधल्या काळात तपास अधिकाऱ्याची बदली होते. म्हणून ही तारीख अधिकाऱ्याच्या डायरीत नको, ठाण्याच्या रजिस्टरमध्ये हवी. आयपी पत्त्याबरोबर (इंटरनेटवरच्या पत्त्याबरोबर) पोर्ट क्रमांक, म्हणजे त्या पत्त्यावरच्या नेमक्या जोडणीचा क्रमांक, मागावा, कारण एकाच पत्त्यावर एका वेळी शेकडो मोबाइल असतात. वेळ लिहिताना ती भारतीय की ग्रीनिच, हे लिहावे. साडेपाच तासांच्या फरकाने भलत्याच माणसाच्या दारात पोलीस जातात. आणि "राष्ट्रीय सुरक्षेस धोका" एवढ्या वाक्यावर अमेरिकन न्यायालय संदेशांचा मजकूर देत नाही. या खात्यातून, या दिवशी, या नंबराला, अमुक संदेश गेला असे मानायला हे कारण आहे, असे सलग सांगावे लागते. जानेवारी २०२५ पासून इंटरपोलशी संपर्कासाठी 'भारतपोल' हे पोर्टल आहे. जिल्ह्याच्या ठाण्याला आता मुंबई-दिल्लीच्या कागदी वाटेची सबब उरलेली नाही.

एक गोष्ट मात्र कोणत्याही संचाने सुटत नाही. हरिहरेश्वर ज्या श्रीवर्धन तालुक्यात आहे त्याच तालुक्यातल्या शेखाडीला फेब्रुवारी १९९३ मध्ये मुंबईच्या बॉम्बस्फोटांसाठीचे आरडीएक्स उतरले. तिथे उपग्रह नव्हता म्हणून ते उतरले नाही. सीमाशुल्क आणि पोलीस खात्यातली माणसे पैसे घेऊन गप्प राहिली, आणि पुढे टाडा न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले. तेव्हा जेट्टीवर बसणाऱ्या माणसाची नेमणूक, पगार आणि तपासणी यांवर वरच्या सगळ्या यंत्रणेचा भार आहे. लँडिंग पॉइंटवरच्या कंत्राटी सुरक्षा रक्षकाला वेळेवर पगार नाही, पावसात छप्पर नाही, हातात चालू सेट नाही, आणि गुरुग्रामच्या पडद्यावर मात्र डझनभर देशांचे ठिपके आहेत, ही स्थिती आम्हाला अस्वस्थ करते.

इंजिनांच्या छापा घेण्याचे काम एका जिल्ह्यात आधी करून पाहावे. रायगड घ्या, कारण तिथे दोन्ही प्रकारच्या चुका घडून गेल्या आहेत. मे महिन्यात सोसायट्यांच्या चेअरमनांना बोलवा, जूनमध्ये जेट्टीवर बसा, आणि नारळी पौर्णिमेच्या आत किती नंबर जुळले व किती नाही जुळले ते जाहीर करा. १०९३ या सागरी पोलिसांच्या आणि १५५४ या कोस्ट गार्डच्या क्रमांकावर त्याच महिन्यात, न सांगता, रात्री फोन करून बघा, कोण उचलतो आणि किती वेळात. जे आकडे येतील ते लपवू नका. मच्छीमारांना ते आधीच ठाऊक आहेत.

आपले,
सागरी दळणवळण, किनारा सुरक्षा आणि डिजिटल पुरावा या क्षेत्रांत काम करणारे काही नागरिक